शिंगराला आधी चालू द्या

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली काही मंडळी तिथला घोडेबाजार नुसता पाहायला म्हणून जातात, आणि मुक्ताईनगर-मलकापूरच्या रस्त्यानं परत येताना पिकअपमध्ये एक शिंगरू असतं. घरातल्या बायका पहिल्या दिवशी बोलून घेतात आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच गूळ चारतात. इथवर सगळं ठीक. पुढं मात्र ठरल्यासारखं एकच घडतं. पौष, माघ जनावर खुंट्याला उभं. फाल्गुनात कोणीतरी त्याला ढोलावर पाय उचलायला लावतं. वैशाखात पाठीवर नवरदेव आणि समोर डीजे. एवढ्या चार-पाच महिन्यांत त्याला साधं चालायला कोणी शिकवलेलं नसतं.

ज्यांच्या दारात आज असं दोन-तीन वर्षांचं जनावर उभं आहे त्यांना माझी विनंती आहे. यंदा त्याला नाचवू नका, पळवू नका. सैल दोरीवर, तुमच्या बरोबरीनं, शांत चालायला शिकवा. वर्षभरात एवढं एक झालं तरी पुष्कळ झालं.

‘चालतं तर ते जन्मापासून’ असं कोणी म्हणेल. खरं आहे, जन्मल्यावर तास-दोन तासांत शिंगरू पायावर उभं राहतं. पण ते आईच्या मागं चालतं, कळपात चालतं. एकट्यानं, एका माणसाच्या खांद्याशी, समोरून एसटी येत असताना चालणं ही त्याच्या स्वभावात नसलेली गोष्ट आहे. ती शिकवावी लागते. गोऱ्हा औताला लावताना आपण हे बरोबर करतो. त्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही. जुन्या, निवलेल्या बैलाच्या जोडीला धरतो, आधी हलकं लाकूड ओढायला देतो, आणि त्याला घाम फुटायच्या आत सोडतो. ज्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही तोच घोड्याच्या बाबतीत एवढा उतावीळ का होतो, हे मला उमगलेलं नाही. घोड्यावर हौसेचा पैसा लागलेला असतो, म्हणून असेल.

खरेदीच्या वेळेपासूनच चुकतं. आपण रंग पाहतो, भोवरे मोजतो, मारवाडी किंवा काठियावाडी असेल तर कानाची टोकं एकमेकांना भिडतात का ते पाहतो. विकणाऱ्यानं घोडा मागच्या दोन पायांवर उभा केला की खिसा सैल होतो. पुढच्या खेपेला विकणाऱ्याला एवढंच म्हणा, दोर सैल सोड, याला त्या चहाच्या टपरीपर्यंत चालवत ने, तिथं दोन मिनिटं उभा कर आणि परत आण. जो घोडा एवढं करील तो रंगानं साधा असला तरी घ्या. आणि वय तोंडी ऐकू नका, दात पाहा. बैलाचे दात आपल्याला कळतातच. घोड्याला पुढचे दात वरही असतात, हा मोठा फरक. अडीच वर्षांच्या आसपास मधले दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. ‘चार वर्षांचा’ म्हणून विकलेल्या जनावराचे मधलेच दात नुकते आलेले असतील, तर ते अजून लेकरू आहे.

वयाला महत्त्व आहे, कारण हाडं उंचीच्या मागं राहतात. शिंगरू दोन वर्षांत चांगलं उंच दिसू लागतं, पण पुढच्या पायांच्या गुडघ्यावरचं हाड दोन-अडीच वर्षांपर्यंत भरत असतं, आणि पाठीच्या मणक्यांचं काम सगळ्यांत शेवटी, पाच वर्षांच्या पुढंमागं पुरं होतं. म्हणून तीन वर्षांच्या आत पाठीवर माणूस नको. तीन झाल्यावरही हलका माणूस, थोडा वेळ. जमिनीवरून दोरीनं चालवण्याला मात्र वयाची अट नाही. वर्षाच्या शिंगरालाही ते शिकवता येतं, आणि लवकर शिकवलेलं बरं.

शेगावात घोड्याची एक गोष्ट पोराटोरांना माहीत आहे. ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाच्या नवव्या अध्यायात गोविंदबुवा टाकळीकर कीर्तनासाठी शेगावी येतात. त्यांचा घोडा लाथा मारी, चावा घेई, दोर तोडून सुटे. त्याच्यासाठी लोखंडी साखळ्या करून ठेवलेल्या. रात्री गजानन महाराज त्याच्या चार पायांत जाऊन निजले आणि घोडा शांत उभा राहिला, असं पोथी सांगते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्यापाशी. तुम्ही-आम्ही घोड्याच्या पायात निजायला जाऊ नये, त्याच्या मागून अचानक तर मुळीच जाऊ नये. पण घोडा पाळणाऱ्यानं त्या गोष्टीतल्या साखळ्यांकडे जरा लक्ष द्यावं. त्या आधीपासून होत्या आणि त्यांनी घोडा निवला नव्हता. आजही घोडा द्वाड आहे म्हटलं की चारचौघांचा पहिला सल्ला जाड दोराचा आणि कडक लगामाचा असतो.

त्याऐवजी आधी त्याला काय खुपतंय ते पाहावं. दोन-अडीच वर्षांच्या घोड्याचे दात हलत असतात, हिरड्या दुखतात. तोंडात लोखंड घातलं की तो मान झटकतो आणि आपण म्हणतो, मस्ती करतोय. खुरं वाढलेली असतील, नालबंदानं चुकीचा खिळा मारला असेल, तर पाय टाकताना दर पावलाला कळ जाते. तंगाखाली जखम असते. जनावरांच्या डॉक्टरला एकदा अंगावरून हात फिरवू द्या. त्याच वेळी धनुर्वाताची लस टोचून घ्या, कारण घोड्याला धनुर्वात लवकर होतो आणि झाला तर वाचणं अवघड असतं.

मग चारा. दिवसभर खुंट्याला उभं आणि तोबऱ्यात हरभरा, असं बहुतेक दारांत चालतं. हरभऱ्याची रग कुठं जाणार? ती तुम्ही दोर सोडला की पहिल्या मिनिटाला बाहेर पडते. काम नसलेल्या जनावराला खुराक कमी आणि कडबा, गवत जास्त द्यावं, आणि आवारात मोकळं सोडावं. भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. न फिरवल्यामुळं. उत्तर देणाऱ्याच्या घरचा घोडा त्या वेळी बहुधा खुंट्यालाच असतो.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येऊ. तोंडात लगाम नको. मऊ सुती मोहरकी आणि दहा-बारा फूट दोर पुरे. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. घोडा बिथरला तर दोर सुटू दे, पण बोटं शाबूत राहिली पाहिजेत. जास्तीचा दोर घड्या घालून डाव्या हातात धरा, उजवा हात मोहरकीपासून दोन वितींवर. तुम्ही त्याच्या डाव्या खांद्यापाशी. तोंडापुढं नाही आणि पोटाच्या मागंही नाही. समोर पाहा. घोड्याच्या तोंडाकडं पाहत उलटं चालणारा माणूस त्याला ओढत नेत असतो, आणि ओढलेलं जनावर पाय रोवतं.

पाऊल टाकायच्या आधी जिभेनं टकटक करा, मग दोरीला पुढं हलका ताण द्या. त्यानं नुसतं वजन पुढं झुकवलं तरी ताण सोडा. सगळी विद्या या सोडण्यात आहे. घोडा ताणावरून काही शिकत नाही. ताण ज्या क्षणी गेला त्या क्षणी आपण काय करत होतो, ते तो लक्षात ठेवतो. पाऊल टाकलं आणि ताण गेला, तर पाऊल टाकणं फायद्याचं, असं त्याच्या डोक्यात बसतं. झटका मारला आणि ताण गेला, तर झटका मारणं फायद्याचं. आपल्याकडची बरीच द्वाड घोडी अशीच तयार झालेली आहेत, मालकानं रोज नेमानं चुकीच्या वेळी दोर सोडून.

चार-पाच पावलं चाला, थांबा. थांबताना आधी स्वतःचा श्वास सोडा, खांदे सैल करा, मग तोंडानं ‘हो’ किंवा तुमच्या घरात जो शब्द असेल तो. रोज एकच शब्द, एकाच सुरात. तो थांबला की मानेच्या मुळाशी, पाठ आणि मान मिळते तिथं खाजवा. घोडे एकमेकांना तिथंच दातांनी खाजवतात आणि त्यानं त्यांची धडधड कमी होते. गुळाचा खडा कधीतरी द्यावा. रोज दिला की ते हात चावायला लागतं.

तो पुढं धावू लागला तर मागं खेचू नका. घोड्याची ओढ तुमच्या ओढीला भारी पडते आणि हे त्याला एकदा कळलं की संपलं. त्याला बाजूला वळवा. लहान गोल फिरवा, वेग कमी झाला की पुन्हा सरळ. अडला तर समोरून खेचू नका, एक पाऊल बाजूला टाकायला लावा. बाजूला पाय हलला की पुढचाही हलतो. सकाळी पंधरा-वीस मिनिटं, संध्याकाळी तेवढंच. आणि त्यानं एखादी गोष्ट बरोबर केली की त्याच ठिकाणी थांबा. ‘आता जमतंय तर अजून दहा मिनिटं’ हा मोह टाळा, त्या दहा मिनिटांत ते पुन्हा बिघडतं.

जमतंय की नाही हे कानांनी कळतं. शांत चालीत चारही पाय वेगवेगळे पडतात, चार सुटे ठोके, सारख्या अंतरानं. दुडकीत पाय जोडीनं पडतात, दोनच ठोके ऐकू येतात. घोडा मनातून घाबरलेला असला की चालतानाही ठोके घाईनं, अडखळत पडतात. पांदण रस्त्यावरच्या मऊ मातीत मागं वळून त्याची पावलंही पाहा. निवांत चाललेल्या घोड्याचं मागचं खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढं पडतं. आखडून चालणाऱ्याचं मागं राहतं. मान खांद्याच्या रेषेपर्यंत खाली आली, कान सैल, एखाद्या वेळी जिभेनं ओठ चाटले, नाकातून लांब फुरफुर केली, तर समजा आज शिकवणी लागली. असा घोडा ताशी सहा किलोमीटरच्या आसपास चालतो. म्हणजे ताठ चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीनं, त्याला ओढावंही लागत नाही आणि आवरावंही लागत नाही.

घोडा घाबरतो तो उगाच नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळं जवळजवळ सगळं रान त्याला एका वेळी दिसतं. फक्त नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. पळून जीव वाचवणाऱ्या जनावराला असेच डोळे हवेत. पण आपल्या शिवारात ते डोळे त्याला फार छळतात. रब्बीत हरभऱ्याच्या वावरात तुषारचे पाइप एकदम फुस्स करून सुरू होतात. रानडुकरं आणि रोही येऊ नयेत म्हणून धुऱ्याला बांधलेल्या जुन्या साड्या वाऱ्यानं फडफडतात. कुठं थ्रेशर, कुठं कापसाची गाडी, कुठं ट्रॅक्टरवरचं गाणं. तुम्हाला ती साडी आहे हे माहीत आहे. त्याच्या दृष्टीनं कुंपणापाशी काहीतरी जिवंत हलतंय.

अशा वेळी त्याला तिथं ओढत नेऊन ‘बघ, काही नाही’ म्हणू नका. जिथं त्याचे कान टवकारले तिथंच थांबा. पाहू द्या. मान खाली आली की दोन पावलं पुढं. पुन्हा थांबा. आज साडीपासून वीस पावलांवरून परत फिरलात तरी चालेल, फक्त परत फिरायचं ते तो शांत असताना, तो उसळलेला असताना नाही. आणि गावात कोणाकडं जुनी, वयस्क घोडी असेल तर तिला आठ दिवस सोबतीला मागून आणा. ती साडीपाशी निवांत गवत खाते हे त्यानं पाहिलं की तुमचं निम्मं काम तिनं केलं. घोडं माणसापेक्षा घोड्याचं लवकर ऐकतं.

रस्ता निवडतानाही डोकं वापरा. पहिले दोन महिने गावाबाहेरची मऊ पांदण. मग गावातली गल्ली, मग बाजाराचा दिवस सोडून बाजारपेठ. डांबरावर नाल घसरते. राजूर घाटात किंवा बोथ्याच्या घाटात कोवळं जनावर घेऊन हौस म्हणून जाणाऱ्यांना हात जोडून सांगतो, उतारावर ट्रक मागून आला तर तुमच्या हातात काहीही राहत नाही. चढ-उतार शिकवायचा तर शेताच्या बांधावर शिकवा.

काटेरी लगामाबद्दल कायद्याचंच सांगतो, म्हणजे वाद नको. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 सालचे केंद्राचे नियम आहेत. त्यांत खिळे, काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला साफ बंदी आहे. तरीही तो बाजारात मिळतो आणि ‘याशिवाय आवरत नाही’ म्हणून वापरला जातो. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत हिरडीची एक उघडी पट्टी असते, लोखंड तिच्यावरच बसतं. तिथं काटा रुतला की तो तोंड वर करून पुढं झेपावतो, आणि लोक टाळ्या वाजवतात, काय तेज आहे म्हणून! त्याच नियमांत आणखी एक कलम आहे. तापमान 37 अंशांच्या वर असेल तिथं दुपारी बारा ते तीन जनावराला कामाला लावायचं नाही. आपल्याकडं वैशाखात तापमान 37 च्या खाली असतं कधी? बाराचा मुहूर्त आणि एकची वरात, यात नवरदेवाला छत्री असते, घोड्याला नसते.

वरातीचं तर मला मुळातच विचारावंसं वाटतं. पाठीवर जो बसतो त्याला घोड्यावर बसायचं माहीत नसतं. पुढं करवला म्हणून पाच-सहा वर्षांचं पोर. भोवती नाचणारे, फटाके, कोणीतरी मध्येच नोटा ओवाळत तोंडापुढं येतो. अशा गर्दीत नाचरा घोडा कोणाला हवाय? शांत चालणारा हवा. आषाढीनंतर पंढरपूरहून परतलेली गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावला येते तेव्हा रस्त्यावर माणसांचा पूर लोटलेला असतो. पालखीबरोबरचे अश्व त्यातून टाळ-मृदंगाच्या आवाजात एका लयीत चालत येतात. माउलींच्या पालखी सोहळ्यातले अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात. तेही अंकली ते आळंदी आधी पायी चालत येतात, आणि मगच लाखोंच्या गर्दीत उतरतात. रिंगणातला त्यांचा वेग आपण डोळे भरून पाहतो. त्याआधीची ती शेकडो किलोमीटरची चाल कोणी पाहत नाही.

कष्ट फार आहेत असं वाटलं तर घरात विचारा. रोज पाणी पाजणारी सून किंवा शाळेतून येऊन त्याला खरारा करणारी मुलगी बहुधा त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ओळखते. दोर तिच्या हातात देऊन पाहा, आधी आवारात, तुम्ही जवळ उभे राहून. पोरांना मात्र एकटं सोडू नका, आणि पायात चप्पल नको, बूट हवा. अंगठ्यावर खूर पडलं की हे आठवेल.

येत्या लग्नसराईत फोन येतीलच. सोयऱ्याधायऱ्यांचे येतील, नकार देणं जड जाईल. स्पष्ट सांगा, हा घोडा यंदा नाही, लेकरू आहे अजून, आणि गावातल्या जुन्या घोडेवाल्याचा नंबर देऊन टाका. त्याला कमाई होईल, तो तुमच्याशी चार गोष्टी मोकळेपणानं बोलेल, त्याची घोडी सोबतीला मागायलाही जागा होईल. वरातीच्या दिवशी संध्याकाळी ऊन उतरल्यावर शिंगरू घेऊन निघा. वाजंत्रीपासून दोनशे पावलं मागं राहा. आवाज त्याला झेपतोय असं दिसलं तर दीडशेवर या. नाही झेपला तर तिथूनच घरी फिरा, आणि पुढच्या वरातीला पुन्हा दोनशेवरून सुरुवात करा.